माहितीपटाच्या परवानग्या: किती, कुणाला, केव्हा

माहितीपटाच्या अंदाजपत्रकात कॅमेरा, साउंड, एडिट, गाडीभाडं, जेवण हे रकाने ठरलेले असतात. हक्क आणि परवानग्यांचा रकाना पुष्कळदा नसतोच, किंवा शेवटच्या ‘किरकोळ’मध्ये बसवलेला असतो. फिल्म पूर्ण होते, महोत्सवात लोकांना आवडते, एखाद्या चॅनेलकडून किंवा ओटीटीकडून विचारणा येते आणि त्यांचा पहिलाच प्रश्न असतो: यातल्या प्रत्येक गाण्याचा, फोटोचा, जुन्या दृश्याचा कागद आहे का? त्या दिवशी कागद जमवायला निघालेल्या माणसाला समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो, कारण दृश्य काढलं तर फिल्मच तुटते. एडिटला बसण्याआधी विचारणाऱ्याकडे दुसरं दृश्य, दुसरं गाणं घ्यायची सोय असते. परवानगीची किंमत ठरते ती तुम्ही केव्हा विचारता आणि किती व्याप्तीची मागता यावर. दृश्य किती सेकंदांचं, हा मुद्दा बराच नंतर येतो.

सेकंदांचा हिशेब किती फसवा असतो, त्याचं उदाहरण ताजं आहे. अभिनेत्री नयनतारावरच्या नेटफ्लिक्स माहितीपटात ‘नानुम रावडी धान’ या चित्रपटाच्या सेटवरचं सुमारे ३ सेकंदांचं दृश्य आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्माता धनुषच्या बाजूने १० कोटी रुपयांची नोटीस गेली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात पोहोचलं. नयनताराने आपल्या जाहीर पत्रात लिहिलं की परवानगीसाठी दोन वर्षं वाट पाहिली होती. अमेरिकेत ‘मॅड हॉट बॉलरूम’ या २००५च्या माहितीपटात कुणाचा तरी मोबाइल वाजला, रिंगटोन होती ‘रॉकी’ चित्रपटातली. सहा सेकंदांसाठी १०,००० डॉलर मागितले गेले, घासाघीस करून २,५०० डॉलरवर मिटलं. म्हणजे पहिला आकडा अंतिम नसतो, हेही त्यातून शिकावं.

समजा, तुम्ही मुंबईच्या गिरणगावावर ५० मिनिटांची फिल्म करताय. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, त्यानंतरची चार दशकं. त्यात निवृत्त कामगारांच्या मुलाखती असतील, घरातले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, दूरदर्शनचं फुटेज, शाहिरांची गाणी, चाळीतला गणपती आणि बंद गिरणीचं आवार असेल. एकेकाचा हिशेब करू.

आधी फुकट काय, ते काढा

भारतीय कायद्यात लेखन, संगीत आणि चित्रांवरचा कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणावर तो प्रकाशनापासून ६० वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ पासून मोकळं आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्यावरचा हक्क केव्हाच संपला. पण अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्क आहे. गिरणगावच्या फिल्ममध्ये यांची गाणी हवीच असतात. ‘ती तर लोकांची गाणी, त्यांना कोण विचारणार’ असं समजून बरेच जण पुढे जातात. असं करू नका. वारसांना किंवा हक्कधारकांना शोधून पत्र लिहा. आदरापोटी लिहाच, आणि कायद्यापोटीही.

हक्क संपला तरी प्रत कुणाच्या तरी ताब्यात असते, आणि चांगली, दुरुस्त केलेली प्रत देण्याचे पैसे तो मागू शकतो. हे पैसे हक्काचे नव्हेत, प्रतीचे. बिलावर हा फरक स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर संपलेल्या हक्काचेच पैसे भरले जातात.

गाण्याला दोन मालक

गाण्यातच लोक सर्वाधिक फसतात. शब्द आणि चाल हा एक थर, ध्वनिमुद्रण हा दुसरा. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून गाजलं. गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणून शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत आणि चालीवर २०६२ अखेरपर्यंत संरक्षण आहे. एखादी तबकडी साठ वर्षांपूर्वीची म्हणून ‘मोकळी’ मिळाली, तरी गाणं मोकळं होत नाही. चित्रपटगीतांच्या बाबतीत बहुधा दोन्ही थर म्युझिक कंपनीकडेच असतात, त्यामुळे एकच पत्र पुरतं. भाव मात्र कंपनी गाणं आणि प्रदर्शनाचा आवाका पाहून ठरवते. हॉटेलात किंवा कार्यक्रमात गाणं वाजवायचा परवाना वेगळा आणि फिल्मला गाणं जोडायचा वेगळा. पहिला घेऊन दुसरा मिळाला असं समजू नका.

चाळीतला गणपती शूट करताना लाउडस्पीकरवर नवं सिनेगीत वाजत असेल तर काय? भिंतीवरचं चित्र, चौकातला पुतळा, मागे दिसणारी इमारत यांना कायद्यात सूट आहे: सार्वजनिक जागी कायम असलेली किंवा केवळ पार्श्वभूमीला आलेली कलाकृती फिल्ममध्ये चालते. पण ‘कलाकृती’ या व्याख्येत गाणं बसत नाही, खोलीत चालू असलेला टीव्हीसुद्धा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही ही वाहिनी आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात क्षुल्लक वापराला संरक्षण दिलं होतं. एका गायिकेने वाहिनीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात आपल्या गाण्यांच्या काही ओळी गायल्या होत्या. तो निकाल आधार देतो, पण त्यावर बजेट उभारू नये. साउंड रेकॉर्डिस्टला सांगून माणसाचा आवाज लॅपेल माइकवर वेगळा घ्या आणि वातावरणाचा आवाज गाणं थांबल्यावर दोन मिनिटं वेगळा भरून ठेवा. याला एक रुपया लागत नाही आणि पुढचे हजारो वाचतात.

स्वतःसाठी संगीत करून घेणं बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडतं. मात्र संगीतकार मित्र आहे म्हणून कागद टाळू नका. इंटरनेटवरून ‘मोफत’ संगीत घेताना परवान्याची अट नीट वाचा. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असेल तर तिकीट लावलेला खेळही अडचणीत येऊ शकतो.

फोटो: ज्याच्या हातात आहे तो मालक नसतो

कामगाराच्या घरी भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. स्टुडिओत पैसे देऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे त्या कुटुंबाची लेखी संमती महत्त्वाची. वर्तमानपत्रातल्या फोटोचं उलट आहे. नोकरीतल्या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोवर वृत्तपत्राच्या मालकाचा हक्क कायद्याने वृत्तपत्र-नियतकालिकांतल्या प्रकाशनापुरता असतो. बाकी सगळ्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, हक्क छायाचित्रकाराचा. म्हणून फक्त संपादकाचं पत्र आणून भागत नाही. संप कव्हर केलेले अनेक छायाचित्रकार आता वयस्क आहेत. त्यांना भेटा, त्यांच्या निगेटिव्हमधून स्कॅन करून घ्या आणि त्यासाठी त्यांना पैसे द्या. बजेट तुटपुंजं असेल तर माझ्या मते ड्रोनचे पैसे काढून इथे लावावेत.

फुटेजचा भाव कसा वाचायचा

जुन्या दृश्यांसाठी दूरदर्शनचा संग्रह आहे. फिल्म्स डिव्हिजन (स्थापना १९४८) आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हे दोन्ही २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) छताखाली आहेत. दरपत्रक मागताना फक्त ‘मिनिटाला किती’ एवढं विचारू नका. कमीत कमी किती लांबीचे पैसे धरता, तेही विचारा.

खालचे दर गणित समजावं म्हणून मी धरले आहेत, कुठल्या संस्थेचे नाहीत. समजा महोत्सव आणि शैक्षणिक वापरासाठी मिनिटाला ५,००० रुपये. तुम्हाला एकूण ६ मिनिटं हवीत, म्हणजे ३०,००० वाटतात. पण ही ६ मिनिटं १५ तुकड्यांत विखुरलेली असली आणि प्रत्येक तुकड्याला किमान १ मिनिट धरलं जात असेल, तर बिल १५ मिनिटांचं, ७५,००० रुपयांचं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी: ८८,५००. आता तेच फुटेज जगभर, सर्व माध्यमांत, कायमचं हवं असेल आणि दर मिनिटाला ३०,००० असेल, तर साडेचार लाख अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१,०००. दृश्य तेच, लांबी तीच.

छोट्या निर्मात्याने सगळं एकदम विकत घेऊ नये. आज महोत्सवाचा परवाना घ्या आणि त्याच करारात पुढच्या टप्प्यांचे दर लिहून घ्या: भारतीय टीव्ही घेतला तर इतके, ओटीटी घेतला तर इतके, जगभर गेलं तर इतके, आणि हा भाव अमुक वर्षांपर्यंत बांधील. चॅनेलची विचारणा आली की तुम्हाला नव्याने घासाघीस करावी लागत नाही. चॅनेलच्या पैशातून फरक भरता येतो. मला वाटतं, या एका कलमाइतकं उपयोगी कलम संपूर्ण व्यवहारात दुसरं नाही.

आणि मुदत लिहाच. कायदा असा आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क पूर्ण हस्तांतरित करून घेतला आणि एका वर्षात वापरला नाही, तर वेगळं लिहिलेलं नसल्यास तोही सुटतो. माहितीपटाचं काम चार-पाच वर्षं चालतं, त्यामुळे पहिल्या वर्षी घेतलेला हक्क फिल्म लागायच्या आधीच हातचा जाऊ शकतो. मुदतीच्या परवान्यांनी काय होतं ते ‘आइज ऑन द प्राइझ’ने दाखवलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरची ही मालिका १९८७ मध्ये आली. पुढे तिच्यातल्या दृश्य-संगीताचे परवाने संपले आणि ती दाखवणं, विकणं बंद पडलं. फोर्ड फाउंडेशनचे ६ लाख डॉलर आणि एका देणगीदाराचे अडीच लाख डॉलर लागले, तेव्हा २००६ मध्ये ती पुन्हा टीव्हीवर आली. इतिहासाचा एक मोठा दस्तऐवज कागदाच्या मुदतीमुळे वर्षानुवर्षं लोकांना दिसला नाही.

परदेशी संग्रहातून घेताना करांचा बोजा तुमच्यावर येतो. परदेशातल्या मालकाला दिलेल्या रॉयल्टीवर आपल्या कायद्याने २०२३ पासून २० टक्के कर कापायचा असतो. ब्रिटन किंवा अमेरिकेसारख्या देशाशी करार असल्याने कागदपत्रं दिली तर साधारण १५ टक्के. ब्रिटिश संग्रह म्हणतो, ‘आम्हाला हातात १,००० पौंड हवेत.’ मग खर्च १,१७६ पौंड, आणि रिव्हर्स चार्जने (म्हणजे घेणाऱ्यानेच भरायचा) त्यावर १८ टक्के जीएसटी: एकूण सुमारे १,३८८. सही करण्यापूर्वी सीएला कागद दाखवा.

माणसं आणि त्यांचे कागद

मुलाखतीच्या संमतिपत्राला फार खर्च नाही, श्रम आहेत. ते मराठीत, एका पानाचं असावं. वाचून दाखवावं, एक प्रत त्यांच्याकडे द्यावी. कॅमेऱ्यावरही विचारून घ्यावं: ‘काका, हे आम्ही टीव्हीवर आणि मोबाइलवर दाखवणार आहोत, चालेल ना?’ महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारांचा किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला. चाळीस मुलाखतींना तो लावला तर २०,००० होतात. मुद्रांक नसलेला कागद रद्दबातल नसतो, पण कोर्टात दाखवायची वेळ आली तर आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. म्हणून मी साध्या मुलाखती साध्या कागदावर ठेवीन. संगीत, फुटेज आणि कलावंतांचे दहा-बारा महत्त्वाचे करार मुद्रांकावर करीन. त्याचे ५,०००-६,००० होतील. प्रदर्शनाचे एकमेव हक्क देणाऱ्या करारावर मुद्रांक रकमेच्या प्रमाणात लागतो, तो वकिलाकडून काढून घ्या.

शाहीर, कीर्तनकार, वासुदेव, तमाशातली माणसं यांच्या बाबतीत मला जास्त आग्रहाने सांगायचंय. कायदा प्रयोग करणाऱ्याला स्वतंत्र हक्क देतो आणि तो ५० वर्षं टिकतो. त्या व्याख्येत गायकाबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्यातासुद्धा आहेत. फिल्ममध्ये घ्यायला लेखी संमती हवी, आणि व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्कही आहे. आपण मोठ्या कंपनीला लाखाचं बिल मुकाट्याने भरतो आणि तासभर गायलेल्या शाहिराला शाल-नारळावर घरी पाठवतो. त्याचं मानधन शूटिंगच्या दिवशीच त्याच्या खात्यात जमा व्हावं, श्रेयनामावलीत पूर्ण नाव यावं आणि पुढे फिल्म विकली गेली तर त्याचा वाटा किती, हे कागदावर असावं. शाहीर दुसऱ्या कुणाचं गाणं गात असेल तर त्या रचनेची परवानगी वेगळी लागते.

काही बाबतींत साधी संमती पुरत नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची किंवा खटल्यात आलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. चेहरा झाकून घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश किंवा आईचा चेहरा दाखवला तरी ओळख उघड होते. एरवी मुलांसाठी पालकांची सही घ्या.

जागा

इथे फार थांबत नाही, कारण दर वारंवार बदलतात. आधी जागा कुणाची ते शोधा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची गिरणी, खासगी विकासकाची गिरणी आणि रस्ता या तिन्हींची दारं वेगळी. राज्य सरकारी जागांसाठी एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत चालते. गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. गडांवर जाणार असाल तर रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, राजगड आणि प्रतापगड राज्याच्या खात्याकडे. केंद्राचं शुल्क दर स्मारकाला, दर दिवसाला लागतं आणि अनामत वेगळी. म्हणून एकाच गडावरची तीन दिवसांची कामं एका दिवसात बसवणं हीच खरी बचत. ड्रोनच्या नोंदणीला फक्त १०० रुपये पडतात. मुंबईत खरी अडचण विमानतळाच्या क्षेत्राची आणि पोलिसांच्या मनाई आदेशांची असते. तो शॉट नसला तर फिल्म थांबते का, हे आधी विचारा.

स्वतःच्या फिल्मचा कागद

पटकथा नोंदवायला ५०० रुपये आणि फिल्म नोंदवायला ५,००० रुपये सरकारी शुल्क आहे. नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच येतो. पण वाद झाला तर हा कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतो. चित्रपटगृहात सार्वजनिक खेळ लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर ते कायमचं असतं. कॉपीराइट भंगाची शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी आहे. ‘आपली फिल्म लहान, कोण बघतंय’ हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो.

दुसऱ्याचं काम परवानगीशिवाय थोडं वापरता येतं का? येतं, पण आपल्या कायद्यातली सूट ठरावीक हेतूंपुरती आहे: खासगी अभ्यास, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. एखाद्या जुन्या बातमीपटाने संपकऱ्यांना कसं रंगवलं यावर तुमची फिल्म बोलत असेल, तर त्या बातमीपटाचा तेवढा तुकडा टीकेसाठी दाखवण्याला आधार आहे. तेच दृश्य निवेदनाखाली नुसतं भरून वापरलं तर नाही. हा फरक वकिलाशी बोलून लेखी मतात घ्या. चॅनेलवाले तेच मागतात. वकिलाची फी तासावर न ठरवता संपूर्ण फिल्मची एकरकमी ठरवा.

पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. टाइमकोड, वस्तू, मालक, पत्र पाठवल्याची तारीख, उत्तर, दर, मुदत, प्रदेश, माध्यम, कागदाची प्रत कुठे आहे. रफ कट झाला की तक्ता आणि टाइमलाइन समोरासमोर ठेवा आणि ज्या ओळीत उत्तराचा रकाना रिकामा आहे, त्या दृश्याला पर्याय शोधायला लागा. मालकाला लिहिताना फिल्मचं नाव, विषय, एकूण लांबी, नेमका तुकडा, किती सेकंद, कुठे दाखवणार, निधी कुठून आला आणि तुम्हाला परवडणारी रक्कम, हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. स्वतःचा आकडा आधी सांगितला की बोलणं तिथून सुरू होतं. उत्तराला तीन आठवड्यांची तारीख द्या, मग फोन करा. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका. त्या तुकड्याशिवायची आवृत्ती एडिटरकडून बांधून ठेवा.